आधी मी राहून बघते

हल्ली कुणाकडे गोड बातमी आली की पाठोपाठ प्रश्न येतो, ‘नाव कुठे घातलंय?’ आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरच्या घरातली सगळ्यांत अंधारी खोली बाळंतिणीची, एवढं ठरलेलं असायचं. माझंही तसंच ठरलं. डोंबिवली तेव्हा स्टेशनच्या आसपास वसलेल्या चार आळ्यांची होती, बाकी सगळी भाताची शेतं. वडिलांनी तिथे विहिरीला लागून बैठं घर बांधलं होतं. सुईण घरच्यासारखी. माझी धाकटी भावंडं तिच्याच हातून झालेली. तिच्या हातात काही खोट होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझं बाळ आडवं होतं. कल्याणहून डॉक्टर आणायला माणूस धावला, डॉक्टर आलेही. मी वाचले, बाळ वाचलं नाही. मुलगा होता म्हणे. मला कुणी दाखवला नाही.

घरातले सगळे बाळासाठी रडले, मीही रडले. माझ्या अंगाचं काय झालंय, कुठे दुखतंय, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं, त्यामुळे रागही आला नाही. महिनाभरानं मी ठाण्याला सासरी परत आले आणि कामाला लागले.

पुढे मला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंदाच्या आधी भीती आली. हे बाळ राहील का, एवढा एकच विचार डोक्यात. भाजी निवडताना तो, भांडी घासताना तो. माझ्या आईनं तर हायच खाल्ली होती. तिनं निरोप पाठवला, ‘यंदा जागा बदला. माझ्या घरात नको.’ बिचारीला वाटत होतं, दोष तिच्या घराचा आहे. म्हणजे सगळा भार आला आमच्या सासूबाईंवर.

सासूबाईंविषयी आधी सांगायला हवं. टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. सासरे मी यायच्या आधीच गेले होते, नणंदा आपापल्या घरी नांदत होत्या. घरात आम्ही तिघंच, सासूबाई, आमचे हे आणि मी. पण राज्य एकीचं. वांगीसुद्धा देठ धरून, उलटीपालटी करून, विकणारीला तिच्या गावापासून विचारून मग घ्यायच्या. ताठ मानेनं, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं चालायच्या. नाक्यावरच्या बायका त्यांना राणीसाहेब म्हणायच्या, अर्थात पाठीमागे. खाली उकिडवं बसून त्या कधी काम करायच्या नाहीत, पाट नाहीतर स्टूल लागायचं. सोवळं कडक. आणि जीभ? विळीला धार लावायला वेगळा दगड नको, एवढी.

ह्यांनी एके दिवशी जेवताना धीर करून विषय काढला. ‘आई, हिचं यावेळी नर्सिंग होममध्ये करू या.’

‘दवाखान्यात माणसं मरायला नेतात,’ सासूबाई म्हणाल्या. ‘माझी सात बाळंतपणं घरात झाली.’

सातातली तीन मुलं राहिली नाहीत, हे त्या म्हणाल्या नाहीत. ह्यांच्याही जिभेवर आलं असणार, पण गिळलं.

‘आता बायका नर्सिंग होममध्येच जातात, आई.’

‘कुठल्या बायका? नावं सांग.’

ह्यांना एकही नाव सांगता आलं नाही. ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं, एवढ्याच भांडवलावर गडी बोलायला बसला होता. मी ताक वाढायच्या निमित्तानं आत गेले. मला हसू येत होतं आणि रडूही. कारण सासूबाई नाही म्हणाल्या तर पुन्हा तीच अंधारी खोली, फक्त गाव वेगळं.

पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. ताक पिऊन झाल्यावर म्हणाल्या, ‘बघीन. मी बघितल्याशिवाय माझी सून कुठे जायची नाही.’

मग आम्ही नर्सिंग होम बघायला निघालो. मुलगी बघायला जातात ना, हुबेहूब तसं. सासूबाई इरकल नेसल्या, मला चांगलं लुगडं नेसायला लावलं, आणि ह्यांना बजावलं की मध्ये तोंड घालायचं नाही.

पहिलं बघितलं ते ठाण्यातलंच. नवी इमारत, गुळगुळीत फरशी, भिंतीवर डॉक्टरांच्या पदव्यांची पाटी. आमचं स्वागत असं झालं की मला वाटलं आपण वरपक्षाकडचेच आहोत. डॉक्टर स्वतः उठून आले, सिस्टरनं खुर्च्या मांडल्या, आयानं कोकमाचं सरबत आणलं. पलंग दाखवले, पाळणे दाखवले, पाण्याचा बंब दाखवला. हे तर हरखूनच गेले. मीही मनातल्या मनात तिथल्या खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन झोपले होते.

बाहेर पडल्यावर ह्यांनी विचारलं, ‘मग? पसंत?’

‘सगळं छान आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पण आपण आत होतो तेवढा सगळा वेळ पलीकडच्या खोलीतली बाई हाक मारत होती. ऐकलंस का तू?’

ह्यांनी ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, पण माझं लक्ष खिडकीकडे.

‘सगळे आपल्याला सरबत पाजत होते. तिच्याकडे कोण जाणार?’ त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. ‘उद्या ही आत असेल आणि तेव्हाही कुणीतरी बघायला येईलच.’

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, तो दिवसच तसा असेल, त्या डॉक्टरांवर मी काही आळ घेत नाही. पण सासूबाईंचं एकदा फिसकटलं की फिसकटलं. ठाण्याच्या नर्सिंग होमवर काट मारली गेली.

दुसरं होतं कल्याणला. माझ्या आईनं कुणाकडून तरी ऐकून कळवलं होतं. स्टेशनवरून टांग्यानं पारनाक्याच्या बाजूला गेलो. कुणा व्यापाऱ्याचं जुनं दुमजली घर, ते एका डॉक्टरीणबाईंनी भाड्यानं घेतलं होतं. पाटी लहान, जिना अरुंद. खाली ओसरीवर बाकडी आणि त्यावर दाटीवाटीनं बसलेल्या बायका. आम्ही आल्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. एक सिस्टर लगबगीनं जाता जाता ‘बसा’ म्हणाली. बसायला जागा कुठे होती?

सासूबाई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. सिस्टरची पाठ वळली तशा त्या सरळ जिना चढून वर गेल्या, मागोमाग मी. वर एक लांबट खोली, खाटांची रांग, आणि दाराशीच पाळण्यात एक तान्हं बाळ. काळंसावळं, भरपूर जावळ. सासूबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या वाकून त्याच्या गालाला हात लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘हात धुतलेत?’

दारात डॉक्टरीणबाई उभ्या. सासूबाईंपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, ठेंगण्या, पांढऱ्या पातळाचा पदर खोचलेला.

आता हे असं बघा. आमच्या सासूबाई पहाटे उठून, डोक्यावरून अंघोळ करून, सोवळ्यात सैपाक करून, मग निघालेल्या. ठाण्यात अख्ख्या आळीत त्यांच्याइतकं सोवळं कुणी पाळत नव्हतं. दुसऱ्याच्या सावलीचा त्यांना विटाळ व्हायचा, त्यांचा कुणाला व्हावा ही कल्पनाच त्यांनी केली नव्हती. त्यांना वाटलं हा प्रश्न मला आहे. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

‘तुम्हाला विचारतेय, बाई. हात धुतलेत का?’

‘मी अंघोळ करून निघालेय,’ सासूबाई म्हणाल्या. आवाज असा की मी भिंतीला चिकटले.

‘त्यानंतर टांग्याच्या दांडीला धरलंत. जिन्याच्या कठड्याला धरलंत. तिकडे मोरी आहे, साबण आहे. धुवून या, मग हवं तेवढं बघा.’

सासूबाई मोरीकडे गेल्या. साबणाकडे त्यांनी असं बघितलं की तो आपणहून विरघळला असता. ह्याला त्याला लागलेला साबण! त्यांनी नुसत्या पाण्यानं हात धुतले. सिस्टर तिथेच उभी होती. ती म्हणाली, ‘आजी, साबण.’

‘तू कुणापैकी गं?’ सासूबाईंनी विचारलं. तेव्हा सगळे विचारत, त्यात कुणाला काही वाटत नसे.

‘मी नर्सांपैकी,’ ती म्हणाली आणि साबण पुढे केला.

त्यांनी लावला. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मग बाळाला हात न लावताच त्या फणकाऱ्यानं खाली उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला तपासून घेतलं. पहिल्या वेळी काय झालं ते विचारलं, सगळं, अगदी खोदून खोदून. मला सांगताना हुंदका आला तर त्या नुसत्या थांबल्या, म्हणाल्या, ‘सावकाश सांग.’ मग म्हणाल्या, ‘यावेळी आपण आधीपासून लक्ष ठेवू. बाळ कसं आहे ते मला दर महिन्याला येऊन दाखवायचं.’ कुणी माझ्याशी त्याविषयी बोललं असं ते पहिल्यांदाच.

घरी आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन सासूबाईंनी तोंड उघडलं. ‘मला सोवळं शिकवते!’ संध्याकाळभर हेच. मी आशा सोडली. कल्याणवरही काट बसली, असं समजून चालले. रात्री अंथरुणावर ह्यांना म्हटलं, आता जे होईल ते होईल.

दोन दिवसांनी सकाळी सासूबाई देवपूजा आटोपून आल्या आणि म्हणाल्या, ‘मला झापलं तिनं.’

‘जाऊ दे ना, आई,’ हे म्हणाले.

‘जाऊ दे काय? ठाण्याच्यानं मला सरबत दिलं, हिनं मला झापलं. ज्याला आपल्याकडून नाव घालून हवंय तो झापतो का?’ मग जरा वेळानं, ‘पण उभ्या उभ्या बघून कळत नाही. माझ्या पोटात दुखतंय.’

‘केव्हापासून?’

‘उद्यापासून,’ त्या म्हणाल्या. ‘आधी मी राहून बघते. मला बरं वाटलं तर हिला ठेवायची.’

ह्यांनी कपाळाला हात लावला. नर्सिंग होम काय धर्मशाळा आहे, डॉक्टरांना कळेल, लोक हसतील, सगळं सांगून झालं. सासूबाईंनी आपली वळकटी बांधली, तांब्या-फुलपात्र घेतलं, जपमाळ घेतली. जेवणाचं काय, तर तिथलं चालणार नाही. पण विहीणबाईंच्या हातचं चालतं, त्यांनी डोंबिवलीहून डबा आणावा. तेवढे दिवस मीही माहेरी राहावं, म्हणजे दिवसभर ठाण्याला एकटी नको. सगळं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेलं होतं.

माझी आई आणि मी सकाळच्या गाडीनं डबा घेऊन जायचो. वाटेत आई म्हणायची, ‘अगं, धडधाकट बाई, खाटेवर झोपून काय करते?’ काय करत नव्हत्या ते विचारा! सासूबाईंची खाट कोपऱ्यात होती आणि तिथून सगळी खोली दिसायची. आम्ही गेलो की त्या आम्हाला जवळ बसवून हलक्या आवाजात अहवाल द्यायच्या. काल बायकांची जेवणं झाल्यावर कितीतरी वेळानं भांडी उचलली. पण चादर ओली झाली तर लगेच बदलतात. पाणी उकळलेलं देतात, मी झाकण काढून बघितलं, वाफ होती. ती बुटकी आया झोपाळू आहे, उंच आया चांगली. मी मुद्दाम हाक मारते आणि मनात रामरक्षा म्हणायला लागते, अर्धी व्हायच्या आत येतात. एकदाच पुरी झाली, पण तेव्हा आत बाळंतीण अडली होती, म्हणून ती धरत नाही.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर सिंधी बाई होती, निर्वासितांच्या छावणीतली. फाळणीत घरदार सोडून आलेली, सोबत कुणीच नाही. तिचं बोलणं कुणाला धड कळायचं नाही, आणि तिला मराठी कळायचं नाही. सासूबाईंचं सगळ्यांत बारीक लक्ष तिच्यावर. ‘जिला विचारायला कुणी येत नाही, तिला कसं वागवतात ते बघायचं,’ त्या आईला म्हणाल्या. ‘आपल्याला काय, तुम्ही डबा घेऊन येता, तुमच्या देखत सगळे गोडच बोलणार.’ सिस्टर त्या बाईशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची, हातवारे करायची, पेज भरवायची. एक दिवस तर दोघी कशावरून तरी हसत होत्या. सासूबाईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे मार्क पडले, एवढं मी ओळखायला शिकले होते.

शेगडीवरून मात्र खटका उडालाच. बाळंतिणीला शेक-शेगडी नाही, ओवा-शेपाचा धूर नाही, खिडक्या सताड उघड्या, हे सासूबाईंना बघवेना. त्यांनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर सुनावलं. त्या म्हणाल्या, ‘डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हवं ते आणा. खोलीत विस्तव नाही. तान्ह्याच्या छातीत धूर जातो.’ सासूबाई मला म्हणाल्या, ‘हट्टी आहे.’ हट्टीपणा त्यांना स्वतःला चांगलाच ओळखता यायचा, त्यामुळे शिव्या होत्या की शाबासकी, कळलं नाही.

असं मजेत चाललं होतं. मग एका सकाळी आम्ही गेलो तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. आईनं डबा उघडला तरी वळल्या नाहीत. मी हाक मारली तर म्हणाल्या, ‘ठेवा तिथे.’ आवाज त्यांचा नव्हताच. मला वाटलं, इथे काहीतरी वाईट घडलंय, कुणाचं तरी बाळ गेलंय आणि त्यांनी ते पाहिलंय. मी सगळ्या पाळण्यांकडे बघितलं. सगळे पाळणे भरलेले होते.

सिस्टरनं मला खुणेनं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

‘तुझ्या सासूबाईंना हा त्रास किती वर्षांपासून आहे?’

‘त्रास नाही,’ मी भीत भीत म्हणाले. आता खरं सांगायलाच हवं होतं. ‘म्हणजे पोटात दुखत नाही त्यांच्या. त्या इथे बघायला आल्यात, की माझं...’

‘ते मला पहिल्या दिवशीच कळलं,’ त्या म्हणाल्या. ‘पोट कुठे दुखतं म्हणून विचारलं, तर आधी डावीकडे दाखवलं, मग उजवीकडे. पण परीक्षा घ्यायला आलेल्या बाईलाही तपासावं लागतंच. त्या नको नको म्हणत होत्या, उद्या बघू, परवा बघू. काल शेवटी मी म्हटलं, तपासू देणार नसाल तर घरी जा.’

तेव्हा सासूबाई आपल्याच जाळ्यात अडकल्या. घरी जावं तर परीक्षा अर्धवट, राहावं तर तपासून घेणं भाग. माझ्यासाठी त्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग मला सांगितलं. सासूबाईंचं अंग बाहेर येत होतं. गर्भाशय खाली सरकलेलं. बहुधा धाकट्या मुलीच्या वेळेपासून, म्हणजे वीसेक वर्षं तरी. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. घडी घातलेला कपडा घट्ट बांधून त्या सगळं करायच्या. विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण, दिवसदिवस सोवळ्यातलं उभं राहणं. उकिडवं बसणं जमत नव्हतं म्हणून पाट. भराभर चालणं जमत नव्हतं म्हणून ती राणीसाहेबांची चाल.

मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली तीन वर्षं राहत होते, आणि मला हे एका परक्या बाईनं सांगितलं. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर ‘आता कामाचं बोलू’ असं लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, ‘रबराची कडी बसवलीय. आराम पडेल. दर काही महिन्यांनी येऊन दाखवायला लागेल. त्या टाळाटाळ करतील, तू आणायचं.’

मी बाहेर आले. आई खाटेच्या पायथ्याशी बसून होती, काही न कळून. मी सासूबाईंच्या उशाशी बसले. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. लुगड्याच्या पदराशी चाळा करत राहिले.

शेवटी त्याच बोलल्या, भिंतीशीच. ‘तिनं विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, नाही. तर ती थांबली. कुठे गेली नाही, दुसरं काही केलं नाही. तशीच थांबली.’

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

‘मग मी म्हटलं, दुखतं.’

थोड्या वेळानं त्या उठून बसल्या, डोळे पुसले, डबा पुढे ओढला आणि माझ्या आईला म्हणाल्या, ‘विहीणबाई, आमटीत मीठ कमी आहे हो.’ जेवण झाल्यावर त्यांनी निकाल सांगितला. ‘हिचं इथेच. नाव घालून टाका.’

त्यानंतर मी दर महिन्याला कल्याणला जात राहिले, आणि सासूबाई माझ्याबरोबर. माझं निमित्त सांगून त्या स्वतःलाही दाखवून घ्यायच्या. घरी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हा आमच्या दोघींचा अलिखित करार. परतताना ठाण्याला उतरलो की आम्ही तळ्याच्या काठानं घरी चालत यायचो. चालणं त्यांना आता सुखाचं झालं होतं. त्या पुढे आणि मी माझं पोट सांभाळत मागे, असं उलटंच चित्र. नाक्यावरच्या बायकांना कळेना की राणीसाहेब एवढ्या भराभर कुठे निघाल्या! एकदा मी हसले तर म्हणाल्या, ‘हसतेस काय? पाय उचल.’

मला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. यावेळी मी आधीच कल्याणला होते, कारण डॉक्टरीणबाईंनी बाळ पुन्हा आडवं होऊ पाहतंय म्हणून चार दिवस आधीच बोलावून घेतलं होतं. त्यांनी ते बाहेरून दाबून, फिरवून सरळ केलं होतं. तरी दुपारपर्यंत काही पुढे सरकेना. सासूबाईंना आत येऊ दिलं नाही. त्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या, शेजारी माझी आई, आणि जिन्याखाली हे. मला दाराखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी ओरडत होते, लाजलज्जा सगळी सोडून. सिस्टर माझा हात धरून होती. मी म्हणत होते, बाळ जाणार, मला माहीत आहे, बाळ जाणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘माझ्याकडे बघ. आता चिमटा लावते. तू फक्त मी सांगेन तेव्हा जोर कर.’ मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग एक अशी कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यातून कुठून तरी रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, हक्कानं रडणारा आवाज. माझ्या बाळाचा, मी त्याआधी कधी न ऐकलेला. मी तेवढं ऐकलं आणि माझा आवाज बंद झाला. शक्तीच उरली नव्हती. रक्त फार गेलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाई आणि उंच आया माझ्याभोवती भराभर काहीतरी करत होत्या आणि मी ते लांबून बघितल्यासारखं बघत होते.

अशा किती बायकांना त्या घरानं वाचवलं असेल, देव जाणे. पुढे माझी आणखी दोन बाळंतपणं तिथेच झाली. नंतर मुंबईतली मोठमोठी रुग्णालयंही मी बघितली, लिफ्टची, काचेच्या दारांची. कुठे कोणी कसं बघतं ते ओळखण्याची दृष्टी मला सासूबाईंनी दिली आणि तिनं मला कधी फसवलं नाही. डॉक्टरीणबाई, ती सिस्टर, ती उंच आया, यांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. ते अंगावर असलेले बरे वाटतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी शुद्धीवर आले तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. सिस्टरनं मला घोट घोट पाणी पाजलं. मुलगी आहे, म्हणाली, छान आहे, अगदी रडकी. मग स्वतःच हसायला लागली.

‘तुमच्या सासूबाईंनी आज मला घाबरवलंच,’ ती म्हणाली. ‘बाळ रडल्याबरोबर मी धावत बाहेर गेले, कधी एकदा सांगते असं झालं होतं. म्हटलं, आजी, झालं बघा, बाळ रडलं. तर माझा हात असा घट्ट धरला! म्हणाल्या, बाळ रडलं ते ऐकलं मी. माझी पोर ओरडायची का थांबली, ते आधी सांग.’

सिस्टरनं बाळ आणून माझ्या कुशीत ठेवलं. मी त्याच्याकडे बघायच्या आधी दाराकडे बघितलं. त्या तिथेच उभ्या होत्या.